ड्रममधला कोंबडा

आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. त्यातली पहिली तीस वर्षं आमच्या ह्यांनी दिवसातून दोनदा, पहिला घास तोंडात घातला की तो गिळायच्या आत, मला एकच बातमी दिली. "मीठ कमी हाय." पिठलं असो, मटण असो, समोर पाहुणे असोत. माझ्या सासूबाई गेल्यानंतर त्यांच्या पुण्यानुमोदनाची पंगत बसली होती, रडून रडून माझे डोळे सुजले होते, तेव्हासुद्धा हा गृहस्थ पत्रावळीवरून मान वर करून माझ्याकडं बघत तेच पुटपुटला. माझं उत्तरही ठरलेलं होतं. "मग उद्यापासून तुमी करा." त्यांनी कधी केलं नाही आणि मी मीठ कधी वाढवलं नाही. दोघंही आपापल्या जागी ठाम होतो.

त्यांना तो अधिकार होता, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागतं. सेलूच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढतात तिथं, ते कापसाचे ग्रेडर होते. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर काढून ओढून बघायचा, मग नाकाशी धरायचा आणि सांगायचं की वर पाणी मारलंय, गाडीवाला खोटं बोलतोय. तेच नाक ते संध्याकाळी घरी घेऊन यायचे आणि माझ्या पातेल्यावर धरायचे. आसपास कुठं कंदुरी असली, म्हणजे पिराच्या नावानं बकरं कापून गावजेवण असलं, की वालूरचा आचारी ह्यांच्यासाठी जीप पाठवायचा. मोठ्या हंड्यातला पहिला पळीभर रस्सा ह्यांच्या तळहातावर. हे डोळे मिटून चाटायचे. दोनशे माणसं ताटकळलेली. "मूठभर मीठ आन् अर्धा घंटा जाळ," असा निकाल लागला की मगच पंगत बसायची. न्यायाधीशालासुद्धा एवढा मान नसतो, असं ते म्हणायचे. मी म्हणायचे, न्यायाधीश मिशीला रस्सा लावून घरी येत नाही.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. परभणीच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून हे घरी आले ते निम्मे होऊन. मी वरण-भात केला आणि मुद्दाम मीठ टाकलंच नाही. म्हटलं, माणूस अशक्त आहे, भांडायला काहीतरी निमित्त द्यावं, रक्त जरा सळसळेल. त्यांनी सगळा भात संपवला, हात धुतले आणि म्हणाले, "छान झालंय."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओटा धरून उभी राहिले. दवाखान्यात अकरा दिवस वाटली नव्हती एवढी भीती मला त्या 'छान'ची वाटली.

वास गेला होता आणि चवही गेली होती. डॉक्टर म्हणाले, येईल दोन-तीन महिन्यांत. गल्लीतल्या सगळ्यांची आली. ज्यांना आयुष्यात कधी चव कळली नाही त्यांचीसुद्धा आली. आमच्या ह्यांचीच नाही आली. डॉक्टरांनी सराव सांगितला म्हणून हे रोज सकाळी लवंग, लिंबाची साल, वेलदोडा आणि कापराची डबी समोर मांडून एकेक हुंगत बसायचे. चारही डब्यांना एकसारखं तोंड करायचे.

आणि रोजचं ते 'छान'. मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. कुठलं पोर काही न कळता "समजलं बाई" म्हणतंय ते मला वर्गाच्या दारातून कळतं. एकदा मी भाजीत तिप्पट मीठ घातलं. छान. एकदा वरण करपवलं. छान. एकदा संतापून चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तर वर म्हणाले, "आज चहा मस्त झालाय." चहा तेवढा मी ओतून दिला.

शेजारच्या काकूंकडून दर पाडव्याला आमच्याकडं कडुलिंबाची चटणी येते. आमच्या घरी गुढी नसते, त्यांच्या घरी मटण नसतं, पण भिंतीवरून वाटी इकडची तिकडं होत असते. काकूंच्या गळ्यात लिंग, दाराशी रोज बेलाचं पान, आणि तोंड आडत बाजारातल्या माणसाचं. त्या पाडव्याला हे कडुलिंबाची चटणी पेढा खाल्ल्यासारखी खाऊन बसले आणि काकूंना म्हणाले, "आणखी हाय का?" काकूंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "हाय की," म्हणाल्या, आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

खरा घाव वालूरला बसला. आचाऱ्याला हे काही माहीत नव्हतं आणि ह्यांनी सांगितलं नाही. जीप आली, हे गेले. तळहातावर रस्सा घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "फस्कलास." त्या हंड्यात मीठ दोघांनी टाकलं होतं, आचाऱ्यानं एकदा आणि त्याच्या भावानं एकदा. दोनशे माणसं त्या दिवशी फक्त पाणी पिऊन उठली. कुणी ह्यांना बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. जीप पुढच्याही वेळी आली, पण ह्यांचा गुडघा दुखत होता. त्यानंतर जीप आली की गुडघा दुखायचा. हळूहळू जीप यायची थांबली आणि हे परसात खुर्ची टाकून भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. मला त्या खुर्चीचा राग यायचा.

एका हिवाळ्यात सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि खुर्चीतून आवाज आला, "कुणीतरी पऱ्हाट्या जाळायलंय."

मी वळून बघितलं. दोन घरं सोडून एकीनं आंघोळीचं पाणी कापसाच्या काड्यांवर ठेवलं होतं. मला दिसत होतं. ह्यांची पाठ होती. "तुमाला कसं कळलं?" मी विचारलं. ते म्हणाले, "नाकात काहीतरी झालं." बस्स, एवढंच. पण माझ्या हातातली चादर खाली पडली. लवंग पोचली नव्हती, कापूर पोचला नव्हता, धूर पोचला होता. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, तुला धूर पाहिजे ना, धूर देते.

आता धूर द्यायचा म्हणजे नुसता तोंडावर फुंकून चालत नाही. तो खाण्यातून गेला पाहिजे. हे मी टेक्सासला राहणाऱ्या माझ्या भाच्याला फोनवर सांगितलं तर तो फोन घेऊन अंगणात धावला आणि मला चाकांवरची एक काळी पेटी दाखवली. "मावशी, हा पेलेट स्मोकर." बाजूला एक डबा, त्यात लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बोटभर कांड्या. त्यांना म्हणायचं पेलेट. स्क्रूसारखं एक मळसूत्र फिरत राहतं आणि त्या कांड्या थोड्या थोड्या करून छोट्याशा जाळात ढकलतं, पंखा फुंकर मारतो, आणि झाकणाखाली मांस चार-पाच तास धुरात बसून शिजतं. तेल नाही, रस्सा नाही. "आणि चव कशाची लागते?" मी विचारलं. "धुराची," तो म्हणाला. मी त्याच दिवशी दोनशे पानी वही काढली.

मी गणिताची बाई आहे. मी वस्तू आवडली म्हणून घेत नाही, रकाने आखून घेते. किंमत, डब्यात कांड्या किती मावतात, पत्रा किती जाड, तापमान आपोआप सांभाळतो की माणसाला बसावं लागतं, दुरुस्ती कुठं. मग मुंबईच्या एका दुकानात फोन लावला. तिथला मुलगा फार गोड बोलायचा. "मॅम, तुमचं बॅकयार्ड केवढं आहे?" मी म्हटलं, कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या, एक हौद, एक शेवगा, एक पपई आणि एक नवरा. तो म्हणाला, "ग्रेट. आमच्या मिडियम मॉडेलमध्ये एका वेळी बारा कोंबड्या राहतात." मी म्हटलं, माझ्याकडं एक कोंबडा राहणार आहे, तोही मेलेला. मग त्यानं किंमत सांगितली. मी म्हटलं, बाळा, मला एक नग पाहिजे, तुझं दुकान नको.

तो चिवट होता. त्यानं लहान मॉडेल सांगितलं. त्याचा पत्रा पातळ, थंडीत ऊब धरत नाही. त्याहून स्वस्त सांगितलं, तर त्यात कांड्यांचा डबा एवढासा की दर तासाला भरत बसावं लागणार. मग मी मुद्द्याचा प्रश्न विचारला. मळसूत्र विजेवर, पंखा विजेवर. "मध्येच लाइट गेली तर?" तो मनापासून म्हणाला, "मॅम, लाइट का जाईल?" मी फोन ठेवला. या पोराशी पुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

भाचा म्हणाला, सेकंडहँड बघ. पण आमच्या जिल्ह्यात अजून कुणी पहिल्या हातानं घेतला नव्हता, दुसरा हात कुठून येणार? मग तो म्हणाला, जाळीची नुसती नळी मिळते, तिच्यात कांड्या भरून पेटवायच्या आणि कुठल्याही बंद शेगडीत ठेवायची, सगळ्यांत स्वस्त. ते मला पटलं, पण बंद शेगडी कुठं होती? परभणीत जाऊन मी गॅसवरचा तंदूर बघितला, विजेचा ग्रिल बघितला. दोन्ही चकचकीत, दोन्ही बिनधुराचे. दुकानदार अभिमानानं सांगत होता, "बाई, बिलकुल धूर न्हाई." मी म्हटलं, मग मी इथं कशाला आले?

ह्यांना मी काही सांगितलं नव्हतं. चव येईल अशी आशा लावायची आणि मग नाही आली तर? ते दुसऱ्यांदा माझ्याच्यानं बघवलं नसतं. "काय लिहायलीस?" त्यांनी एकदा वहीकडं बघून विचारलं. "चूल घ्यायची म्हणते." "आपल्याकडं गॅस हाय की." "असू द्या." "बरं. छान." मी वही मिटून बाहेर गेले, नाहीतर ती त्यांच्या डोक्यात बसली असती.

वाट पाथरीच्या बस स्टँडवर सापडली. एसटीची वाट बघत मी समोरच्या हॉटेलात भजी घेतली आणि सहज कढईखाली नजर गेली. शेगडी. बाजूला डबा. डब्यात बोटभर कांड्या. खाली छोटा पंखा घूं घूं करत होता. मी भज्याचा कागद हातात घेऊन तिथंच खाली बसले. हॉटेलवाला घाबरला. "बाई, चक्कर आली का?" मी म्हटलं, हे काय आहे? तो म्हणाला, "पेलेट शेगडी. गॅस परवडत न्हाई ना. आता सगळी हॉटेलं हेच वापरायलीत." म्हणजे मी टेक्सास आणि मुंबई पालथी घालत होते आणि वस्तू आमच्या इथं भजी तळत होती. मळसूत्र नव्हतं, कांड्या हातानं एक दांडा ओढून सोडायच्या, पण हात मला आहेत.

सेलूतली एक खानावळ बंद पडली होती. तिची शेगडी पंख्यासकट मी नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात उचलली. वर एक झाकणाचं काहीतरी जोडलं की झालं. त्यासाठी गेले वेल्डिंगवाल्या मिस्त्रीकडं. हा माझाच विद्यार्थी, आता चाळिशी ओलांडलेला, दाढीत दोन केस पांढरे. सातवीत त्याला कोनमापक सरळ धरता येत नाही म्हणून मी सगळ्या वर्गासमोर म्हटलं होतं, तुझ्या हातून आयुष्यात काटकोन होणार नाही. त्याच्या दुकानात भिंतीला काटकोन तपासायचा गुण्या टांगलेला होता. त्यानं आधी तो काढून मला दाखवला, मगच म्हणाला, "बोला बाई."

मी माझ्या लग्नातली धान्याची कोठी द्यायला निघाले होते. चांगली पुरुषभर उंच, झाकणाची. त्यानं तिच्यावर टिचकी मारली. "ह्या पत्र्यावर जस्त हाय. तापला की धूर विषारी. साहेबांच्या नाकात वास घालायचाय का माती?" मी कोठी परत घरी पाठवली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा वर्गात माझं गणित चुकलं होतं. मग त्यानंच जिनिंगच्या तेलघाणीवरून सरकीच्या तेलाचा रिकामा लोखंडी ड्रम आणला. आतून आधी काड्यांच्या जाळावर तासभर जाळून, घासून लख्ख केला. खाली शेगडी, मध्ये जाळ थेट मांसाला लागू नये म्हणून आडवा पत्रा, वर सळयांची जाळी, झाकणाला बिजागरी, पाठीमागं धुराडं, आणि कुठल्यातरी भट्टीचा जुना तापमानाचा काटा. पंख्याची वायर आमच्या इन्व्हर्टरला जोडली. लाइट का जाईल म्हणे! धुराडं ड्रमला जोडताना त्यानं गुण्या लावला, माझ्याकडं बघितलं आणि वाट बघत उभा राहिला.

"काटकोन आहे," मी म्हटलं.

"नव्वद," तो म्हणाला. मजुरी घ्यायला तयार होईना. मी जबरदस्तीनं दिली.

राहिल्या कांड्या. भाच्यानं बजावलं होतं, मावशी, लाकूड चांगलं पाहिजे, धुराची चव लाकडाची असते. खायच्या कामाच्या खास कांड्या ऑनलाइन मिळत होत्या, पण जड पोतं सेलूपर्यंत आणायचं भाडं पोत्याहून जास्त. पाथरी रस्त्याला कांड्यांचा कारखाना होता. तिथं जाऊन मी बाईगिरी केली. पऱ्हाट्यांच्या कांड्या नकोत, कारण कापसावर फवारे असतात. सोयाबीनचं भुसकट नको. रंग, डिंक काही नको. "बाई, हे घ्या," मालक म्हणाला, "नुसता आरा मशीनवर कापलेल्या लाकडाचा भुसा. शुद्ध लाकूड." मी कांडी मोडून बघितली, पाण्यात टाकून बघितली, चाळीस किलोचं पोतं समोर वजन करून घेतलं. सगळं विचारलं. एक प्रश्न तेवढा राहिला, कुठलं लाकूड?

त्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून, मूठभर नाकाशी धरून जागच्या जागी सांगणारा एकच माणूस सेलूत होता. तो माझ्या परसात खुर्चीवर भिंतीकडं तोंड करून बसला होता.

रविवार ठरला. गावरान कोंबडा, दीड किलोचा. आलं, लसूण, हळद, लिंबू, घरचा काळा मसाला. मीठ मी अंदाजानं घातलं नाही. भाच्यानं सांगितलेल्या हिशोबानं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅमवर मोजून घातलं, दोनदा मोजून. म्हटलं, चुकून आज चव आलीच, तर पहिल्याच घासाला तक्रारीला जागा नको. रात्रभर मुरवला आणि सकाळी दहाला ड्रममध्ये चढवला.

मिस्त्री 'ट्रायल बघायला' म्हणून आला होता, तो खरं तर जेवायला आला होता. हे खुर्चीवर. खुर्ची मी ड्रमकडं वळवून ठेवली होती. "काय हाय हे?" त्यांनी विचारलं. "तुमचं जेवण." "छान." अजून झाकण उघडलं नव्हतं. मिस्त्रीनं दांडा ओढला, कांड्या घरंगळल्या, पंखा लागला आणि धुराड्यातून पांढरा धूर सरळ वर जाऊन मग वाऱ्यानं काकूंच्या अंगणात उतरला. मी ओरडून माफी मागितली. भिंतीपलीकडून काकू म्हणाल्या, "राहू द्या बाई, लय बरंय. मच्छर पळायलेत." मिस्त्री हसला. मीही हसले. इथं मला कळायला पाहिजे होतं. कुठल्या पाल्याचा धूर केला की डास पळतात हे आमच्याकडं रांगत्या पोराला माहीत आहे.

अडीच वाजता झाकण उघडलं. काय कोंबडा दिसत होता! तांबूस, चकाकणारा, मांडीचं मांस हाडावरून सुटत आलेलं. भाच्याला दाखवायला मी फोटो काढला. तीन ताटल्या केल्या. मांडी ह्यांना दिली. मी मुद्दाम त्यांच्याकडं बघितलं नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी माझ्या वर्गातली पोरं बसायची तशी मी खाली ताटलीकडं बघत बसले.

मिस्त्रीनं पहिला घास घेतला. चावला. थांबला. त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले. "बाई," तो म्हणाला, "छान हाय," आणि उठून शेवग्याच्या मागं गेला. थुंकल्याचा आवाज आला. मी घाईनं एक तुकडा तोंडात टाकला.

मी आयुष्यात एवढं कडू काही खाल्लं नाही. औषधं खाल्ली, कारलं खाल्लं, सासूबाईंच्या हातचा काढा तीन बाळंतपणं प्याले. हे त्याच्या पलीकडचं होतं. जीभ आत ओढली गेली, कानशिलं दुखली. कडुलिंब! कोंबडा कसला, नुसता कडुलिंब. सहा आठवडे, वही, खानावळीची शेगडी, सरकीचा ड्रम, मोजलेलं मीठ, आणि त्या मुंबईच्या पोराचं गोड बोलणं, सगळं एका क्षणात माझ्या जिभेवर आलं. मला रडू येत होतं आणि कुणाला तरी मारावंसंही वाटत होतं. ह्यांच्या हातातली ताटली हिसकावून घ्यायला मी वळले.

मांडी त्यांच्या हातात होती आणि एक लचका तोडलेला होता. घास तोंडात होता. ते चावत नव्हते. डोळे मिटलेले होते. चार वर्षांत मी ते घरी असे मिटलेले बघितले नव्हते, पूर्वी वालूरला हंड्यापाशी मिटायचे तसे.

"कडू हाय," ते म्हणाले.

शेवग्यामागून मिस्त्री बाहेर आला, तोंड पुसत, आणि तसाच उभा राहिला.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. आणखी एक लचका तोडला. "लय कडू हाय. लिंबाचं लाकूड हाय हे. वाळलेलं बी नव्हतं." मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "पाथरी रोड रुंद करायला झाडं तोडली ना, ती सगळी लिंबाचीच. कुठून आणलास हा भुसा? कोण म्हणलं तुला हा खायच्या कामाचा हाय म्हणून?" आवाज चढला होता. गाडीवाल्याला खोटं पकडल्यावर चढायचा तो आवाज. मी भर परसात, विद्यार्थ्यासमोर, तोंडाला पदर लावून रडायला लागले. रडता रडता हसायला लागले. भिंतीवरून काकूंचं डोकं वर आलं. "काय झालं? कुणाला भाजलं का?"

"न्हाई काकू," हे ओरडले, "कोंबडा कडू हाय!" एखाद्याला मुलगा झाल्याची बातमी द्यावी तसे ओरडले. काकूंनी ज्या गोष्टीला आयुष्यात हात लावला नाही तिच्याबद्दल त्या मनापासून म्हणाल्या, "अरे वा!"

मग ह्यांनी मिशी पुसली, ताटली खाली ठेवली आणि म्हणाले, "आन् मीठ कमी हाय."

मीठ बरोबर होतं. मी दोनदा मोजलं होतं. आतलं, जिथं धूर पोचला नव्हता असं हाडाजवळचं मांस मी जिभेला लावून बघितलं. मीठ अगदी जागेवर होतं. म्हणजे त्यांना मीठ कळलं नव्हतं. कडू तेवढं कळलं होतं आणि बाकीचं सवयीनं बोलून गेले होते. हे माझ्या लक्षात आलं. तरीसुद्धा मला एवढं बरं वाटलं की मी नाक ओढून, बत्तीस वर्षं वर्गात लावला तो आवाज लावून म्हटलं, "मग उद्यापासून तुमी करा."

"करतो," ते म्हणाले.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटर काढली. गुडघा कुठं गेला होता कोण जाणे. तीन आरा मशिनी फिरले, प्रत्येक ठिकाणी भुशात कोपरापर्यंत हात. नाक अजून बंदच होतं, म्हणून चिमूटभर भुसा जिभेवर ठेवून बघायचे आणि थुंकायचे. जो कडू नाही तो घ्यायचा, अशी त्यांची परीक्षा. बाभळीचा कोरडा भुसा वेगळा काढून त्यांनी कारखान्यात स्वतः उभं राहून कांड्या पाडून घेतल्या. मालकाला म्हणाले, "शुद्ध लाकूड समदं असतंय. मयत जाळायचं बी शुद्धच असतंय." डॉक्टरांना मी फोन केला. ते म्हणाले, कडू परत आलंय तर चांगलं लक्षण आहे, बाकीचं येईल किंवा नाही येणार, सांगता येत नाही. मीही विचारायचं सोडलं.

पुढच्या रविवारी मला परसात यायची बंदी होती. मिस्त्री दांड्याला, हे ड्रमला. कोंबडा त्यांनीच मुरवला, मसाला त्यांनीच वाटला. मी आत बसून खिडकीतून बघत होते. खुर्ची रिकामी होती. काकू भिंतीपलीकडून तक्रार करत होत्या की या वेळचा धूर बिनकामाचा, मच्छर परत आलेत.

तीन वाजता ताटली माझ्यासमोर आली. दोघंही माझ्या तोंडाकडं बघत उभे. बाभळीचा धूर मात्र खरोखर उत्तम बसला होता, आतपर्यंत, गोडसर. पण मीठ! या माणसानं चव कळत नसताना अंदाजानं, तीस वर्षांची सगळी थकबाकी एका कोंबड्यात घातली होती. घशाखाली घास उतरेना. ते हाताची घडी घालून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही आशा होती की माझ्या तोंडात तोच शब्द आला. छान. अगदी दातांपर्यंत आला. मग मला तो मिठाचा चहा आठवला.

मी घास गिळला, पाणी प्याले आणि म्हटलं, "मीठ जास्त हाय."

त्यांचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. त्यांनी मिस्त्रीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि खांदे हलेपर्यंत हसले.

"मग उद्यापासून तू कर," ते म्हणाले.